रकान्यातला धर्म

आषाढात ज्ञानोबांची पालखी माळशिरसहून निघते आणि आमच्या वेळापूरला मुक्कामाला येते. गावाच्या अलीकडे एक टेकाड लागते. तेथे आल्या की दिंड्या पळू लागतात. तुकोबांना येथून पंढरीचा कळस दिसला आणि ते धावत सुटले, अशी आख्यायिका आहे. म्हणून हा 'धावा'. लहानपणी आम्ही भावंडे पाण्याच्या घागरी घेऊन रस्त्याच्या कडेला उभी असायचो. माझी आजी वारकऱ्यांना गूळ-पाणी द्यायची, त्यांच्याबरोबर अभंगही म्हणायची. रविवारी हीच आजी डोक्यावर पदर घेऊन, बायबल मांडीवर ठेवून प्रार्थनेला बसायची. आमचे घर ख्रिस्ती. पणजोबांनी दुष्काळाच्या दिवसांत बाप्तिस्मा घेतला. त्याआधी आम्ही गावकुसाबाहेरचे मांग. बाप्तिस्म्याने नाव बदलले, देव बदलला, वस्ती मात्र होती तेथेच राहिली.

हे सारे आठवण्याचे कारण २००९ सालची एक संध्याकाळ. मतदारसंघांची पुनर्रचना झाली होती आणि त्या वर्षीच्या निवडणुकीपासून माळशिरस विधानसभा मतदारसंघ अनुसूचित जातींसाठी राखीव झाला होता. वेळापूर याच मतदारसंघात येते. माझा चुलतभाऊ तेव्हा चाळिशी ओलांडलेला. वीस वर्षे त्याने पक्षाच्या सतरंज्या उचललेल्या. कुणाचे रेशनकार्ड, कुणाची पेन्शन, कुणाच्या पाण्याची पाळी, सगळ्यांसाठी हा तालुक्याला खेटे घालणार. त्या संध्याकाळी चार मित्र घरी आले. म्हणाले, "आता मागे राहू नका. तिकीट मिळेल न मिळेल, मागून तरी बघा. कागद तेवढे करून घ्या."

कागद म्हणजे जातीचा दाखला. भावाच्या शाळेच्या दाखल्यावर 'ख्रिश्चन' असे लिहिलेले. मित्रांचे म्हणणे सरळ होते. नाव तेच, वस्ती तीच, सोयरे तेच. एका रकान्यातला एक शब्द बदलायचा. मग रविवारी कुठे जायचे तिकडे जा, कोण बघायला येतो?

काकू चुलीपुढे भाकऱ्या थापत होती. तिने मागे वळूनही पाहिले नाही. म्हणाली, "देवळात जा न्हायतर चर्चात जा, माझं काय म्हणणं न्हाई. पर खोटं लिवून कुठंबी जाऊ नगं."

विषय तेथे संपला. माझ्या मनातून मात्र तो अजून संपलेला नाही.

हा रकाना आला कुठून? अनुसूचित जातींची यादी राष्ट्रपतींच्या १९५० च्या आदेशाने ठरली. त्यातल्या तिसऱ्या परिच्छेदात अट होती की, हिंदू धर्माहून वेगळा धर्म मानणारी व्यक्ती अनुसूचित जातीची समजली जाणार नाही. १९५६ मध्ये या अटीतून शिखांना मोकळीक मिळाली, १९९० मध्ये बौद्धांना. ख्रिस्ती आणि मुसलमान बाहेरच राहिले. अनुसूचित जमातींना अशी अट नाही. नंदुरबारकडचा भिल्ल ख्रिस्ती झाला तरी जमातीच्या यादीत राहतो. वेळापूरचा मांग ख्रिस्ती झाला की यादीतून उठतो.

आपल्या महाराष्ट्राने या प्रश्नावर फार पूर्वी सर्वोच्च न्यायालय गाठले आहे. पहिल्याच सार्वत्रिक निवडणुकीत भंडारा मतदारसंघात गंगाराम ठवरे यांचा राखीव जागेसाठीचा अर्ज फेटाळला गेला. ते जन्माने महार, पण महानुभाव पंथात गेलेले. १९५४ मध्ये न्यायालयाने सांगितले की, पंथ घेतला तरी माणूस जातीतून सुटला का, हे पाहावे लागेल. जातीने त्याला आपला मानला आहे आणि तोही स्वतःला महारच मानतो, तेव्हा तो महारच. किती व्यवहारी निकाल हा! पण ही सवलत पंथापुरतीच. बौद्ध झालेल्या डॉ. मेश्राम यांच्या निवडणुकीचा वाद दहा वर्षांनी त्याच न्यायालयात गेला, तेव्हा धर्म बदलला म्हणून ते अनुसूचित जातीचे राहिले नाहीत, असा निर्णय झाला. बौद्धांची ही अडचण दूर व्हायला १९९० उजाडावे लागले.

दुसरी बाजूही नीट ऐकली पाहिजे. पहिला आक्षेप असा की, ख्रिस्ती धर्म जात मानत नाही, मग जातीची सवलत कशाला? आक्षेप रास्त आहे आणि तो आम्हा ख्रिस्ती लोकांना मुळातून बोचायला हवा. आमच्यातही लग्नाची बोलणी सुरू झाली की 'पूर्वीचे कोण?' हे हळूच विचारले जातेच. जात धर्मग्रंथात नसली तरी ती सोयरिकीत, वस्तीत आणि शेजाऱ्याच्या नजरेत शिल्लक असते. दुसरा आक्षेप यादीतल्या बांधवांचा. भाकरी आधीच अर्धी, तिच्यात आणखी वाटेकरी नकोत. हा स्वार्थ नव्हे, तो पोटाचा प्रश्न आहे. तिसरा आक्षेप, यामुळे धर्मांतराला उत्तेजन मिळेल. पण आजच्या नियमाने सवलतीचे वजन दुसऱ्या पारड्यात पडलेलेच आहे, हे कसे विसरायचे?

२००७ मध्ये रंगनाथ मिश्रा आयोगाने धर्माची अट काढून टाकण्याची शिफारस केली. २०२२ मध्ये केंद्र सरकारने याच प्रश्नासाठी न्या. बालकृष्णन आयोग नेमला. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाँडिचेरीच्या एका प्रकरणात बजावले की, चर्चमध्ये श्रद्धेने जायचे आणि केवळ नोकरीसाठी हिंदू असल्याचे सांगायचे, ही राज्यघटनेशी फसवणूक आहे. माझी काकू शाळेत गेली नव्हती. न्यायालयाच्या पंधरा वर्षे आधी तिने हेच सांगितले. फरक एवढाच की, खोटे लिहू नको म्हणताना तिने मुलाला शिक्षा सांगितली नव्हती.

धर्मसत्ता आणि राजसत्ता यांची फारकत असावी, असे आपण सहज म्हणतो. ही फारकत नसली तर काय होते, हे इंग्रजी अमदानीने दाखवले आहे. तेव्हा लष्करी छावण्यांतल्या पाद्र्यांचे पगार या देशाच्या तिजोरीतून जात. येथील अँग्लिकन चर्च इंग्लंडच्या चर्चपासून कायद्याने वेगळे झाले ते थेट १९३० साली. याच वर्षीच्या मे महिन्यात सोलापुरात मार्शल लॉ पुकारला गेला आणि पुढे १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकृष्ण सारडा, जगन्नाथ शिंदे व कुर्बान हुसेन येरवड्याला फासावर गेले. त्या काळी इंग्रज नसलेल्या मिशनऱ्यांना या देशात काम करायचे, तर राजकारणापासून दूर राहण्याची आणि सरकारशी निष्ठेने सहकार्य करण्याची हमी द्यावी लागे. राजकारणापासून दूर, पण सरकारच्या जवळ! अशी ही फारकत.

ती न मानणारेही निघाले. पुण्याच्या ख्रिस्त सेवा संघात आलेला व्हेरिअर एल्विन गांधीजींच्या बाजूला झुकला. राजनिष्ठेची शपथ घेतल्याशिवाय परवाना देणार नाही, असे नागपूरच्या बिशपने सांगितले. एल्विनने शपथ घेतली नाही. त्याच्याही आधी पंडिता रमाबाई १८८९ च्या मुंबई काँग्रेसला प्रतिनिधी म्हणून गेल्या होत्या आणि ज्या इंग्लिश जोगिणींच्या सहवासात त्या ख्रिस्ती झाल्या, त्यांनाही त्यांनी स्वतःच्या विवेकाचा ताबा दिला नव्हता. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून 'देवाचा दरबार' मांडला. ही माणसे श्रद्धाळू होती आणि राजकारणाला विटाळही मानत नव्हती. धर्म आणि देश दोन्ही त्यांना हवे होते. त्यांना नको होता तो मधला मुनीम.

अमेरिकेचे अध्यक्ष जेफर्सन यांनी १८०२ मध्ये चर्च व सरकार यांच्यामधल्या भिंतीचा उल्लेख केला, तो एका पत्रोत्तरात. पत्र लिहिणारे नास्तिक नव्हते. डॅनबरी गावचे बॅप्टिस्ट होते, भक्तिमान आणि अल्पसंख्य. आपली उपासना सरकारच्या मेहेरबानीवर राहू नये, एवढीच त्यांची चिंता होती.

ही भिंत आमच्या बाजूनेही सांभाळावी लागते. मी शाळकरी असतानाची गोष्ट. निवडणुकीचे दिवस होते. एका रविवारी उमेदवार चर्चमध्ये येऊन पुढच्या खुर्चीत बसले. उपदेशाच्या ओघात पाळकसाहेबांनी शिक्का कुठे मारायचा ते सुचवले. माझे वडील प्राथमिक शिक्षक, कधी कुणाला दुखावणारे नव्हते. ते शांतपणे उठले आणि बाहेर लिंबाखाली जाऊन उभे राहिले. उपदेश संपला, गीत सुरू झाले, तसे पुन्हा आत येऊन गाऊ लागले. घरी येताना एवढेच म्हणाले, "मी देवाला भेटायला गेलो होतो. मत माझं मी बघीन."

धर्माच्या नावाने मत मागणे हा आपल्या कायद्याने भ्रष्ट व्यवहार आहे. मुंबईच्या सांताक्रूझ मतदारसंघातल्या १९९० च्या निवडणुकीवरून निघालेल्या खटल्यात २ जानेवारी २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांनी, चार विरुद्ध तीन अशा मतांनी, निर्णय दिला की, ही बंदी केवळ उमेदवाराच्या धर्मापुरती नाही. मतदाराच्या धर्माला केलेले आवाहनही तिच्यात येते. मतदाराला त्याचा धर्म विचारायचा नाही, हे उत्तमच. मग राखीव जागेवर उभ्या राहणाऱ्या गरिबाला सरकारने तरी तो का विचारावा?

आमच्याच जिल्ह्यात मंगळवेढे आहे. तेथे गावकुसाची भिंत बांधताना ती कोसळली आणि तिच्याखाली चोखोबा गेले, असे परंपरा सांगते. ज्या भिंतीने त्यांना बाहेर ठेवले, तीच बांधायला त्यांना नेले होते. भिंत कुणाच्या रक्षणासाठी आणि कुणाला बाहेर ठेवण्यासाठी, हे प्रत्येक वेळी विचारावे लागते, ते यासाठी.

भाऊ त्या निवडणुकीला उभा राहिला नाही. दुसऱ्याच्या प्रचाराच्या जीपमध्ये बसून गावोगाव फिरला, त्याच जुन्या सतरंज्या उचलल्या. आता त्याचे केस पिकलेत. गेल्या पालखीला मी गेलो, तेव्हा तो धाव्याच्या रस्त्यावर पाणी वाटत उभा होता. गर्दी ओसरल्यावर म्हणाला, "दादा, आईचं ऐकलं त्याचा पस्तावा नाही. पण खोटं लिहिलं असतं तर चाललं असतं, आणि खरं लिहिलं म्हणून बाहेर राहिलो. हे कोणाला विचारायचं?"

माझ्यापाशी उत्तर नव्हते. मी दुसरी घागर उचलली.