बोर्डिंगची पोरं

बॅरिस्टर होऊन विलायतेहून परतलेल्या पी. जी. पाटलांना काळा कोट चढवून वकिली थाटता आली असती. ते साताऱ्याला आले आणि रयत शिक्षण संस्थेत शिकवू लागले. छत्रपती शिवाजी कॉलेजचे प्राचार्य झाले, पुढे शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरूही. गरीब घरातला हा मुलगा कर्मवीर भाऊराव पाटलांच्या बोर्डिंगात वाढला होता. कर्मवीरांचं, म्हणजे सगळ्यांच्या अण्णांचं, मोठं इंग्रजी चरित्र पुढं त्यांनीच लिहिलं.

अण्णा स्वतःही बोर्डिंगचेच. कोल्हापुरात शाहू महाराजांच्या आश्रयानं मराठा, जैन, लिंगायत, मुसलमान अशी वेगवेगळी वसतिगृहं निघाली होती. भाऊराव जैन बोर्डिंगात राहत. अस्पृश्यांच्या वसतिगृहाच्या समारंभाला जाऊन आल्यावर त्यांना आंघोळ करायला सांगितलं. ती त्यांनी नाकारली आणि बोर्डिंग सुटलं. माझ्या मते रयतचं बीज तिथंच पडलं. १९१९ साली कराडजवळच्या काले गावी त्यांनी संस्था काढली, १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू केलं. तिथं जातवार खोल्या नव्हत्या. महाराचा, मांगाचा, मराठ्याचा, मुसलमानाचा मुलगा एकाच पंगतीला बसे आणि पाळी आली की त्याच चुलीवर भाकरी थापी. १९२७ मध्ये गांधीजी आले आणि त्यांच्याच हस्ते या वसतिगृहाला शाहू महाराजांचं नाव मिळालं.

या पंगतीची खरी किंमत अण्णांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मोजली. सोवळ्याओवळ्याच्या घरात वाढलेली ही बाई, पण सगळ्या जातींच्या पोरांचं दुखणंखुपणं काढू लागली. माहेरचे दागिने एकेक करून गेले. एकदा बोर्डिंगात दाणा उरला नाही, तेव्हा गळ्यातलं मंगळसूत्रही गेलं. नवरा हयात असताना ते उतरवणं त्या काळी काय होतं, हे आजीला विचारावं! १९३० साली त्या गेल्या. संस्थेच्या इतिहासात अण्णांच्या मानानं त्यांना पानं कमी मिळतात, हे मला खटकतं.

तरी पोरांना फुकट काही मिळत नसे. शेतात राबायचं, खडी फोडायची, मग पुस्तक उघडायचं. 'स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद' हे वाक्य तिथं घामानं पाठ होई. म्हणूनच बोर्डिंगच्या माजी विद्यार्थ्याच्या कृतज्ञतेत लाचारी नसते. आपण कष्टानं शिकलो, हे तो ताठ मानेनं सांगतो आणि त्याच दमात अण्णांचं नाव घेताना त्याचा आवाज जड होतो. पी. जी. पाटलांसारखे कित्येक जण संस्थेतच परतले, बाहेरच्यापेक्षा कमी पगारावर राबले. संस्था वाढली ती देणग्यांइतकीच या परतलेल्या पोरांवर. आज तिच्या सातशेहून अधिक शाखा आहेत.

ज्यांनी रयतच्या बोर्डिंगात दिवस काढले, त्यांनी आपल्या जुन्या शाखेत एकदा जाऊन यावं. यंदा किती मुलं राहतात, मेस कशी चालते, कुणाची फी अडली आहे, एवढं विचारावं आणि अडली असेल तर भरून यावं.