दुपारी बंद, सकाळी सुरू : सौरपंपाच्या पेटीत नेमके काय तुटते?

मुळा-प्रवरेच्या काठी टोमॅटो-कांद्याला पाणी देणाऱ्या अकोल्यातील शेतकऱ्यासाठी सौरपंप म्हणजे रात्रीच्या लाइटीची वाट पाहण्यापासून सुटका. ‘मागेल त्याला सौर कृषिपंप’ योजनेत सर्वसाधारण शेतकऱ्याला किमतीच्या 10 टक्के, तर अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याला 5 टक्केच रक्कम भरावी लागते. आदिवासीबहुल अकोल्यात हा दुसरा आकडा जास्त महत्त्वाचा. दुरुस्तीची हमी आहे पाच वर्षांची. प्रश्न त्यानंतरचा आहे.

जुन्या सौरपंपाचे एक दुखणे फार फसवे असते. पॅनल स्वच्छ, मोटर ठीक, केबल शाबूत; तरी ऐन दुपारी पंप थांबतो आणि सकाळी काही झालेच नाही असा सुरू होतो. विहिरीतले पाणी खाली गेले किंवा कंट्रोलर तापून स्वतःच थांबला, ही कारणे आधी तपासावीत. ती नसतील, तर संशय जातो सोल्डरच्या जोडावर. पूर्वी टीव्हीला थाप मारली की चित्र यायचे, त्यातलाच हा प्रकार.

रोज सव्वादोन मायक्रॉन

तापले की प्रत्येक पदार्थ फुगतो, पण सारखा नाही. सर्किट बोर्ड एका अंशाला दर दहा लाख भागांमागे साधारण 16 भाग फुगतो, सिरॅमिकचा सुटा भाग जेमतेम 7. या दोघांना धरून ठेवतो तो मधला सोल्डरचा थेंब.

समजा, पहाटे 15 अंशांवर असलेली पेटी दुपारी 65 अंशांवर गेली. 10 मिलिमीटर लांबीच्या भागाच्या टोकाला बोर्ड आणि भाग यांच्यात सुमारे सव्वादोन मायक्रॉनचा फरक पडतो. केसाच्या जाडीपुढे हे काहीच नाही. पण सोल्डरचा थरच 50 मायक्रॉनचा असेल, तर तो साडेचार टक्के तिरका ओढला जातो. संध्याकाळी उलट दिशेने. वर्षाला 365 वेळा, हमीच्या पाच वर्षांत 1,825 वेळा. तार एकाच जागी वाकवत राहिलो की तुटते, तसेच हे. पावसाळ्यात ढग ये-जा करू लागले की करंट कमी-जास्त होतो आणि छोटे हेलकावे दिवसभर चालू राहतात.

लोखंड असे सहज थकत नाही, मग सोल्डर का? कथील-शिशाचे नेहमीचे मिश्रण 183 अंशांनाच वितळते. म्हणजे साध्या हवेतही ते आपल्या वितळणबिंदूच्या बरेच जवळ असते आणि ताणाखाली हळूहळू सरकते. युरोपने 1 जुलै 2006 पासून शिशावर निर्बंध आणल्यावर कथील-चांदी-तांब्याचे सोल्डर रूढ झाले. ते साधारण 217 अंशांना वितळते, जास्त कडकही असते. पण थकव्यातून तेही सुटत नाही.

मोठ्या कंपन्यांनाही हा धडा महाग पडला आहे. मायक्रोसॉफ्टने 2007 मध्ये एक्सबॉक्स 360 ची वॉरंटी तीन वर्षांपर्यंत वाढवली आणि त्यासाठी एक अब्ज डॉलरहून अधिक रक्कम बाजूला काढली. चिपच्या आतले जोड तापण्या-थंडावण्याने तुटत होते, असे कंपनीच्या 2021 च्या माहितीपटात सांगण्यात आले.

मग सावली करा

अभियंते एक ढोबळ हिशेब मानतात : तापमानातला चढ-उतार निम्मा केला, तर जोड साधारण चौपट फेऱ्या टिकतो. म्हणून कंट्रोलरची पेटी पॅनलच्या सावलीत, शक्यतो पश्चिमेचे ऊन टाळून असावी. भोवती हवा खेळती हवी. पेटीवर गोणपाट गुंडाळणे उलटे महागात पडते.

पॅनलमधल्या पट्ट्याही सोल्डरनेच जोडलेल्या असतात, पण त्यांची परीक्षा आधी होते : उणे 40 ते 85 अंश, अशा 200 फेऱ्या.

हमी असेपर्यंत पेटी उघडू नये, तक्रार नोंदवावी आणि बिघाड दिवसाच्या कोणत्या वेळी होतो तेही सांगावे. हमी संपल्यावर गावातला मेकॅनिक भिंगाखाली जोडाभोवतीची बारीक काळी कडी शोधतो. नुसती गरम हवा मारून चालू केलेला बोर्ड बहुधा पुन्हा दुकानात येतो. जुने सोल्डर काढून नवे भरले, तर काम टिकण्याची शक्यता बरीच वाढते.