संगणकाचा इशारा

उर्दूत ‘इशारा’ म्हणजे खूण किंवा संकेत. मराठीत ‘इशारा’ म्हणजे सावध राहण्याची सूचना. शब्द एकच आहे, पण दोन भाषांत त्याचा अर्थ थोडा निराळा आहे. घरातील संगणक सुरू करताना कधी कधी पडद्यावर बिघाडाचा संदेश येतो. त्या संदेशाला हे दोन्ही अर्थ लागू पडतात. तो आपल्याला सावध करतो आणि बिघाड कोठे आहे याची खूणही सांगतो.

पुष्कळ घरांत मात्र हा संदेश कोणी वाचतच नाही. काळा पडदा आणि त्यावरील इंग्रजी ओळी पाहून सगळे घाबरतात. कोणी वीज बंद करून पुन्हा सुरू करतो. कोणी दिसेल ती कळ दाबतो. शेवटी कोणीतरी म्हणतो, “फॉरमॅट करून टाका.” संगणक सुरू होतो खरा, पण डिस्कवर असलेला दुकानाचा हिशेब, बहिणीच्या लग्नाची छायाचित्रे आणि दहावीच्या अभ्यासाच्या नोंदी पुसल्या जातात. ज्या बिघाडाला पाच मिनिटे पुरली असती, त्यापायी कित्येक वर्षांचा ठेवा जातो. म्हणून हे संदेश वाचायला शिकणे फार गरजेचे आहे.

संगणकाचे बटण दाबल्यापासून नेहमीचे चित्र दिसेपर्यंत थोडा वेळ जातो. तेवढ्या वेळात बरीच कामे ठरलेल्या क्रमाने होतात. शाळेचा दिवस कसा सुरू होतो ते आठवा. आधी शिपाई येतो, कुलूप उघडतो आणि खोल्या पाहतो. मग घंटा होते, शिक्षक वर्गावर येतात, हजेरी होते आणि नंतर शिकवणे सुरू होते. एखाद्या दिवशी वर्ग भरला नाही, तर शाळाच मोडली असे कोणी म्हणत नाही. शिपाई आला होता का, घंटा झाली होती का, शिक्षक आले होते का, असे आपण क्रमाने विचारतो. संगणकाच्या बाबतीतही हेच करायचे असते.

संगणकातला शिपाई म्हणजे बायोस. मदरबोर्ड नावाच्या मुख्य पाटीवर एक छोटी चिप असते. तिच्यात ही आज्ञावली कायमची साठवलेली असते. १९८१ मध्ये आयबीएम कंपनीचा पर्सनल कॉम्प्युटर बाजारात आला. तेव्हापासून घरगुती संगणकांत हा क्रम थोड्याफार फरकाने चालत आला आहे. नव्या संगणकांत बायोसच्या जागी यूईएफआय नावाची सुधारित आज्ञावली असते. लोक मात्र तिलाही बायोसच म्हणतात.

बायोस प्रथम स्मृती, पडदा, कळफलक अशा भागांची तपासणी करते. स्मृतीत किंवा पडद्याच्या जोडणीत दोष असेल, तर तिला पडद्यावर काही लिहिताच येत नाही. अशा वेळी पुष्कळ संगणक ‘बीप बीप’ असा आवाज करतात. हा आवाजही एक संदेशच आहे. किती वेळा बीप झाले आणि ते लांब होते की आखूड, हे मोजून ठेवावे. प्रत्येक कंपनीची खूण वेगळी असते. तिचा अर्थ संगणकासोबत मिळालेल्या पुस्तिकेत सापडतो.

या आवाजाचे एक नेहमीचे कारण अगदी साधे असते. रॅम म्हणजे स्मृतीची पट्टी खाचेत सैल झालेली असते किंवा तिच्यावर धूळ बसलेली असते. अहिल्यानगर जिल्ह्याचा, म्हणजे २०२४ पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्याचा, बराचसा भाग सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतो. पाथर्डी, कर्जत, जामखेड या तालुक्यांत पाऊस कमी आणि उन्हाळ्यात धूळ फार. ही धूळ पंख्याबरोबर संगणकाच्या पेटीत शिरते. पट्टी बाहेर काढून, मऊ ब्रशने साफ करून पुन्हा नीट बसवली, की पुष्कळदा संगणक सुरू होतो. पण हे काम मोठ्या माणसांना सोबत घेऊन आणि वीजपुरवठ्याची तार काढून ठेवल्यावरच करावे. वीजपुरवठ्याचा जो बंद डबा आत असतो, तो तर कधीही उघडू नये. तार काढल्यानंतरही त्यात काही वेळ वीज साठलेली असते.

जुन्या संगणकांवर एक गमतीदार संदेश येत असे. त्याचा अर्थ होता, ‘कळफलक सापडत नाही. पुढे जाण्यासाठी एफ १ ही कळ दाबा.’ कळफलकच नसेल तर कळ कशी दाबायची? संदेश लिहिणाऱ्यांवर लोक हसत. तरी त्या संदेशाचे काम चोख होते. कळफलकाची तार निघाली आहे, एवढे तो सांगत असे. तार नीट बसवली की प्रश्न मिटे.

कधी कधी पडद्यावर ‘सीमॉस चेकसम एरर’ किंवा तारीख व वेळ ठीक नसल्याचा संदेश येतो. मदरबोर्डवर नाण्याएवढी तीन व्होल्टची एक बॅटरी असते. वीज बंद असतानाही संगणकातील घड्याळ चालू राहते ते तिच्यामुळे. काही वर्षांनी ती संपते. मग संगणक तारीख विसरतो आणि कित्येक वर्षे मागे जातो. तारीख चुकली की इंटरनेटवरील सुरक्षित पानेही नीट उघडत नाहीत, कारण त्यांची प्रमाणपत्रे तारखेवरून तपासली जातात. लोकांना वाटते इंटरनेट बिघडले. खरे तर बदलायची असते ती एक छोटी बॅटरी. घड्याळाच्या दुकानातही ती मिळू शकते.

तपासणी संपली की बायोस ऑपरेटिंग सिस्टिम शोधू लागते. विंडोज, लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिम आहेत. शोधाचा क्रम ठरलेला असतो. पूर्वी आधी फ्लॉपी पाहिली जाई आणि मग हार्ड डिस्क. फ्लॉपी आत विसरली असेल, तर ‘नॉन-सिस्टिम डिस्क ऑर डिस्क एरर’ असा संदेश येई. त्याचा अर्थ, या डिस्कवर ऑपरेटिंग सिस्टिम नाही. दुसरी घाला आणि कोणतीही कळ दाबा. फ्लॉपी काढली की संगणक सुरू होई. आता फ्लॉपीची जागा पेन ड्राइव्हने घेतली आहे. ‘नो बूटेबल डिव्हाइस’ असा संदेश दिसला, तर आधी जोडलेला पेन ड्राइव्ह काढून पाहा. तरीही तोच संदेश आला, तर हार्ड डिस्कची तार निसटली असेल किंवा डिस्कच खराब झाली असेल. डिस्कमधून टकटक असा आवाज येत असेल, तर संगणक पुन्हा पुन्हा सुरू करू नका. प्रत्येक वेळी उरलेल्या माहितीचे नुकसान वाढण्याची भीती असते.

डिस्क सापडली, पण ऑपरेटिंग सिस्टिमची पहिलीच फाइल सापडली नाही, तर वेगळा संदेश येतो. विंडोज एक्सपीमध्ये तो ‘एनटीएलडीआर इज मिसिंग’ असा असे, तर विंडोज ७ मध्ये ‘बूटएमजीआर इज मिसिंग’ असा. शाळा उघडली आहे, पण शिक्षक आले नाहीत, असा हा प्रकार. येथे डिस्कवरील तुमच्या फाइली बहुधा जशाच्या तशा असतात. फक्त सुरुवात करून देणारी फाइल परत बसवावी लागते. विंडोजच्या मूळ सीडीत किंवा पेन ड्राइव्हवर ‘रिपेअर’, म्हणजे दुरुस्तीची सोय असते. ‘दुरुस्त’ हा शब्द तुम्हांला उर्दूतून ओळखीचा आहेच. दुरुस्ती म्हणजे आहे ते ठीक करणे. फॉरमॅट म्हणजे आहे ते पुसणे. हा फरक कधीही विसरू नका.

बिघाडाचे आणखी एक कारण म्हणजे अचानक वीज जाणे. महाराष्ट्र ज्ञान महामंडळाचा एमएस-सीआयटी हा अभ्यासक्रम २००१ मध्ये सुरू झाला आणि गावोगावी लोक संगणक शिकू लागले. पुढे २००५ नंतरच्या काही वर्षांत महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात रोज कित्येक तास भारनियमन होत असे. काम चालू असताना वीज जाई. वीज आल्यावर विंडोज ९८ असलेल्या संगणकावर संदेश दिसे, की मागच्या वेळी विंडोज नीट बंद केले गेले नाही, म्हणून डिस्कमध्ये दोष असू शकतो. मग स्कॅनडिस्क नावाची आज्ञावली डिस्क तपासू लागे.

असे का होते? किराणा दुकानदार वहीत उधारी लिहीत आहे, अशी कल्पना करा. त्याने मालाचे नाव लिहिले आणि रक्कम लिहिण्याआधीच दिवे गेले. दुसऱ्या दिवशी त्याला वही तपासावी लागेल. कोणती फाइल डिस्कवर कोठे आहे, याची वही संगणकही ठेवतो. वीज गेली की ती नोंद अर्धी राहते. नवीन पद्धतीत संगणक आधी कच्ची नोंद करतो आणि मग पक्की. त्यामुळे वही पूर्वीसारखी बिघडत नाही. तरीही डिस्क तपासली जात असताना ती पूर्ण होऊ द्यावी. कंटाळून बटण दाबू नये. टेबलावरच्या संगणकाला यूपीएस जोडले, तर वीज गेल्यावर तो नीट बंद करण्यापुरती काही मिनिटे मिळतात.

कधी सर्व काही जागेवर असते, पण नव्याने बसवलेली एखादी आज्ञावली संगणकाला अडवते. याचे मोठे उदाहरण १९ जुलै २०२४ रोजी जगाने पाहिले. क्राउडस्ट्राइक या कंपनीने आपल्या सुरक्षा आज्ञावलीसाठी पाठवलेल्या एका फाइलीत दोष होता. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पडले. ते सुरू होताना पुन्हा पुन्हा निळ्या पडद्यावर अडत होते. भारतातील काही विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. त्यावरचा उपाय काय होता? संगणक ‘सेफ मोड’मध्ये सुरू करायचा, ती एक फाइल काढून टाकायची आणि पुन्हा सुरू करायचा. सेफ मोडमध्ये फक्त अगदी आवश्यक भागच चालू होतात. लाखो संगणकांचा तो बिघाड डिस्क न पुसताच दूर करता आला.

घरच्या संगणकावरही सेफ मोड वापरता येतो. विंडोज ७ पर्यंत त्यासाठी सुरुवातीला एफ ८ ही कळ दाबत. विंडोज १० आणि ११ मध्ये दोन-तीन वेळा सुरुवात फसली, की दुरुस्तीचा पडदा बहुधा आपोआप येतो. त्यातून सेफ मोड निवडता येतो.

आता काय करायचे, ते क्रमाने लक्षात ठेवा. पहिले, संदेश जसाच्या तसा वहीत उतरवा किंवा मोबाइलवर त्याचे छायाचित्र घ्या. ‘काहीतरी एरर आला होता’ असे सांगून दुरुस्ती करणाऱ्याला काहीच कळत नाही. दुसरे, कालपासून काय बदलले ते आठवा. नवे यंत्र जोडले का? वीज गेली होती का? संगणक एका खोलीतून दुसरीकडे हलवला का? तिसरे, संगणक बंद करून पेन ड्राइव्ह, प्रिंटर अशा जोडलेल्या वस्तू काढा, तारा नीट बसवा आणि पुन्हा सुरू करा. चौथे, दुरुस्तीला देताना सर्वांत आधी विचारा, “माझ्या फाइली राहतील ना?” डिस्क दुसऱ्या संगणकाला जोडून फाइलींची नक्कल आधी काढता येते. फॉरमॅट हा शेवटचा उपाय आहे, पहिला नव्हे.

एक सावधगिरी आणखी. इंटरनेट पाहत असताना ‘तुमचा संगणक बिघडला आहे, ताबडतोब या क्रमांकावर फोन करा’ असा संदेश येतो. तो फसवणुकीचा असतो. विंडोजच्या खऱ्या बिघाडाच्या संदेशात फोन करण्यासाठी क्रमांक कधीही नसतो.

आज विंडोजमध्ये मराठी आणि उर्दू या दोन्ही भाषा निवडता येतात. पण अगदी सुरुवातीचे संदेश बहुधा इंग्रजीतच येतात. त्यांना भिऊ नका. तुम्ही उर्दू उजवीकडून डावीकडे वाचता, मराठी डावीकडून उजवीकडे वाचता. मग पडद्यावरची एक इंग्रजी ओळ सावकाश वाचणे तुम्हांला कठीण नाही. घरात सगळे गोंधळलेले असताना जो ती ओळ वाचून वहीत उतरवील, त्याने अर्धी दुरुस्ती केलेली असेल.

स्वाध्याय

१. ‘इशारा’ या शब्दाचे उर्दूतील व मराठीतील अर्थ सांगा. बिघाडाच्या संदेशाला ते दोन्ही कसे लागू पडतात?
२. कारणे लिहा : (अ) संगणक तारीख विसरतो. (आ) पेन ड्राइव्ह जोडलेला असताना संगणक सुरू होत नाही.
३. ‘दुरुस्ती’ आणि ‘फॉरमॅट’ यांतील फरक तुमच्या शब्दांत लिहा.
४. संगणक दुरुस्त करणाऱ्याला बिघाडाची माहिती देणारे पाच-सहा ओळींचे पत्र लिहा.