पेरावें तसें उगवतें काय?

‘पेरावें तसें उगवतें’ ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलों आहों. मनुष्याच्या आचरणास ती लागू पडते यांत शंका नाहीं. परंतु शेतांतील सर्वच बियाण्यांस ती आतां लागू पडत नाहीं, हें ऐकून पुष्कळांस आश्चर्य वाटेल.

दोन भिन्न शुद्ध वाणांचा संकर करून जें बियाणें तयार करितात, त्यास संकरित किंवा बोलीभाषेंत हायब्रीड म्हणतात. त्याचें पहिलें पीक जोमदार व एकसारखें येतें. परंतु त्याच पिकाचे दाणे राखून पुढील वर्षीं पेरले, तर आईबापांचे गुण पुन्हां विलग होतात. एक रोप उंच तर दुसरें खुजें, एक लवकर पिकणारें तर दुसरें उशिरां, असा प्रकार होतो. म्हणून शेतकऱ्यास दरसाल नवें बियाणें विकत घ्यावें लागतें. या बियाण्यानें उपकारही केले आहेत. १९६४ सालीं प्रसृत झालेली सी. एस. एच. १ ही ज्वारी व १९७० सालचा सुरतेचा संकर-४ कापूस यांनीं उत्पन्न वाढविलें, हें नाकारणें कृतघ्नपणाचें होईल. दोष इतकाच कीं, नवें घरांत येतांच जुनें आपण टाकून दिलें. गांवोगांवचे जुने वाण पिढ्यान्‌पिढ्या त्याच मातींत व त्याच पावसांत निवडले गेलेले असतात. ते एकदां नष्ट झाले म्हणजे पुन्हां निर्माण करितां येत नाहींत.

हें ओळखून कार्य करणारी एक बाई आपल्याच महाराष्ट्रांत आहे. अहमदनगर, म्हणजे २०२४ पासूनच्या अहिल्यानगर, जिल्ह्यांत अकोले तालुक्यांतील कोंभाळणें येथील श्रीमती राहीबाई पोपेरे कधीं शाळेंत गेल्या नाहींत. पण भात, वाल, घेवडा, पालेभाज्या यांचे जुने वाण त्यांनीं घरोघर हिंडून जमविले. बाएफ या संस्थेच्या साहाय्यानें त्यांची बियाण्यांची पेढी उभी राहिली. तेथून नेलेलें बियाणें शेतकऱ्यानें सुगीनंतर दुप्पट परत करावें, असा रिवाज आहे. २०२० सालच्या पद्मश्रीनें सरकारनें त्यांचा गौरव केला.

परंतु मडक्यांत ठेवलेलें बियाणें कांहीं वर्षांत निर्जीव होतें. तें टिकावें तर दरसाल पेरलें पाहिजे; आणि त्याचें धान्य कोणी खाल्लें तरच शेतकरी तें पेरील. येथें तुमचा आमचा संबंध येतो. हा धडा मला शाळेंत नव्हे, आठवड्याच्या बाजारांत मिळाला. एक वृद्ध बाई हातसडीचा तांबडा तांदूळ घेऊन बसली होती. मीं भाव विचारला आणि किलोमागें दहा रुपये कमी कर म्हणून घासाघीस केली. ती म्हणाली, “गुरुजी, तुम्ही सगळे असंच म्हणाल, तर पुढच्या साली हे पेरायचं कशाला?” मी रिकाम्या हातानें परतलों. वाटेंत एका दुकानांतून, छापील किंमतीस एक शब्दही न बोलतां, आंबेमोहोर म्हणून तांदूळ घेतला. आंब्याच्या मोहोरासारखा वास म्हणून त्याचें तें नांव. पण घरीं भात शिजला तरी वास कसला तो आलाच नाहीं. पुढील बाजारीं मी त्या बाईस शोधीत गेलों. ती आली नव्हती.

विद्यार्थ्यांनो व पालकहो, यावरून कांहीं गोष्टी घेण्यासारख्या आहेत. ‘देशी’ हा शब्द वेष्टनावर असला म्हणजे पुरे, असें समजूं नये. धान्य कोणत्या गांवचें, वाण कोणता, खत व फवारणी कोणती, हें विकणाऱ्यास विचारावें. जो स्वतः पिकवितो तो बहुधा सरळ उत्तर देतो. योग्य भाव घासाघीस न करितां द्यावा. जुन्या वाणाचें उत्पन्न पुष्कळदां कमी व मेहनत अधिक असते; ते चार पैसे त्या मेहनतीचे आहेत. एकदांच पुष्कळ घेण्यापेक्षां दरमहा थोडें घेत जावें. खात्रीचें गिऱ्हाईक असलें म्हणजे शेतकऱ्यास पेरणीचा धीर येतो.

मुलांनीं तर घरींच आरंभ करावा. परसांत घेवड्याचा जुना वेल लावावा. भरदार अशा कांहीं शेंगा न तोडतां वेलावरच वाळूं द्याव्या, दाणे सावलींत सुकवावे आणि कोरड्या राखेंत मिसळून मडक्यांत झांकून ठेवावे. पुढील मृगांत त्यांतील मूठभर शेजाऱ्यास द्यावे. तो वेल आपल्या आईसारख्याच शेंगा देईल, आणि जुनी म्हण निदान आपल्या परसांत तरी खरी ठरेल.

मी अजून दर बाजारीं तांबड्या तांदुळाची चौकशी करितों.