माया हुकमाने जडत नाही

आमच्या वाशीमचे प्राचीन नाव वत्सगुल्म. वाकाटकांच्या एका शाखेची ही राजधानी. परंपरा या नावाचा संबंध वत्स ऋषींशी जोडते. परंतु ‘वत्स’ म्हणजे वासरू, लेकरू, आणि ‘वात्सल्य’ हा शब्दही त्यातूनच निघालेला. गेल्या हिवाळ्यात या गावी एक चिमुकली पाहुणी आली आणि या परिचित शब्दाचा अर्थ मला नव्याने तपासून पाहावा लागला.

माझी एक जुनी विद्यार्थिनी लग्नानंतर परदेशी स्थायिक झाली. तिने व तिच्या यजमानांनी राज्यातील एका संस्थेतून अकरा महिन्यांची मुलगी दत्तक घेतली. हुकूम हाती आला होता, पारपत्र व्हायचे होते. त्या मधल्या दिवसांत ती मुलीला घेऊन माहेरी आली. अभिनंदन करायला गेलो, तर मुलीपेक्षा आईच अधिक रडवेली. म्हणाली, “सर, सगळे कागद माझ्या नावाचे आहेत, पण ही रात्री रडते ती संस्थेतल्या मावशींसाठी. मी तिला अजून परकीच आहे.”

वास्तविक पाहता यात ना आईचा दोष होता, ना मुलीचा. सहा-आठ महिन्यांचे मूल आपले माणूस आणि परके माणूस यांत भेद करू लागते. ज्या हातांनी दूध पाजले, त्या हातांचा वास, तो आवाज हेच त्याचे जग असते. जॉन बोल्बी यांनी जागतिक आरोग्य संघटनेसाठी लिहिलेल्या 1951 च्या अहवालात, बालकाच्या मनाच्या आरोग्यासाठी एका मायेच्या व्यक्तीचा सलग सहवास किती आवश्यक असतो, हे साधार मांडले होते. आपल्या वऱ्हाडातील शेतकऱ्याला हे अहवालाविनाही ठाऊक असते. दुसऱ्या गाईचे वासरू गाईला लावायचे, तर ते एका दिवसात होत नाही.

आपल्या कायद्याने मात्र दत्तकाचा विचार दीर्घकाळ वारसाच्या अंगाने केला. 1956 चा दत्तकाचा कायदा हिंदूंपुरता होता. परदेशी दांपत्ये 1890 च्या पालक व पाल्य कायद्याखाली केवळ पालकत्व मिळवीत आणि मूल आपल्या देशी नेऊन तेथे दत्तक घेत. या मार्गात गैरव्यवहार शिरले. 1982 साली लक्ष्मीकांत पांडे या वकिलांनी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिले, तीच याचिका मानली गेली आणि 1984 साली न्यायमूर्ती भगवतींनी परदेशी दत्तकाची बंधने घालून दिली. पुढे 1990 मध्ये केंद्रीय दत्तक संस्था निर्माण झाली, 2003 मध्ये भारताने हेग कराराला मान्यता दिली, आणि 2015 च्या बालन्याय कायद्याने या व्यवस्थेला कायद्याचे अधिष्ठान दिले. 2021 च्या दुरुस्तीनंतर दत्तकाचा हुकूम जिल्हाधिकारी देतात.

ही बंधने आवश्यकच होती. मूल स्वखुशीने सोपविणाऱ्या मातेलाही फेरविचारासाठी 60 दिवस मिळतात, हे न्यायाचेच आहे. परंतु अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला प्रत्येक संरक्षणाची किंमत कोण मोजतो, हे विचारावे लागते. ऑस्ट्रेलियाच्या महिला क्रिकेट संघाचे पुढे नेतृत्व करणारी लिसा स्थळेकर 1979 साली पुण्यात जन्मली, आणि ‘श्रीवत्स’ या तेथील बालसंस्थेतून जेमतेम तीन आठवड्यांची असताना हरेन व स्यू स्थळेकर यांच्या घरी गेली. आज चौकशी, जाहिरात, मूल दत्तकासाठी मुक्त असल्याचा निर्वाळा, परवानगी आणि हुकूम यांत महिनेच्या महिने जातात. तोवर बालकाला माणसे कळू लागलेली असतात. म्हणजे या विलंबाची किंमत बालक मोजते, आणि ती कोणत्याही जमाखर्चात दिसत नाही.

यावर उपाय बंधने सैल करण्याचा नव्हे. हस्तांतराला वेळ देण्याचा आहे. परदेशी गेलेल्या मुलाचे अहवाल दोन वर्षे येत राहतात, पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी व दुसऱ्या वर्षी सहा महिन्यांनी. एवढी दक्षता नंतर घेणारी व्यवस्था पहिल्या दहा दिवसांविषयी मात्र बरीचशी मूक असते. नव्या पालकांनी आरंभीचे काही दिवस संस्थेतच, मुलाला सांभाळणाऱ्या मावशींच्या शेजारी बसून काढावेत. भरविणे, न्हाऊ घालणे, निजविणे हळूहळू त्यांच्याकडे यावे.

माझ्या विद्यार्थिनीच्या फायलीत मुलीचे वजन होते, उंची होती, लसींच्या तारखा होत्या. ती झोपते कशी, हे नव्हते. अखेर तिने मावशींना दूरध्वनी केला. त्या म्हणाल्या, “बाई, तिला कडेवर झोप येत नाही. मांडीवर पालथी घाला आन् पाठ थोपटा.” तुटपुंज्या पगारावर काम करणाऱ्या त्या बाईजवळ असे ज्ञान होते, जे एकाही नमुन्यात भरलेले नव्हते. मुलांना जीव लावायचा आणि मग ती सोडून द्यायची, हे त्यांचे काम. त्या कामाची दखल आपण कोणत्या रकान्यात घेतो?

कोणी म्हणेल, परदेशी नोकरी करणाऱ्यांना एवढी रजा कोण देणार? प्रश्न रास्त आहे, आणि तो केवळ परदेशाचा नाही. आपल्याकडे 2017 साली मातृत्वलाभ कायद्यात दत्तक मातेला 12 आठवड्यांची रजा दिली गेली, पण मूल तीन महिन्यांहून लहान असण्याच्या अटीवर. कायदेशीर सोपस्कारांतच तेवढा काळ उलटतो, हे ती अट घालणाऱ्यांच्या ध्यानी आले नसावे. या अटीला पुढे न्यायालयात आव्हान दिले गेले, यात नवल नाही. जन्म देणाऱ्या आईला शरीर सावरण्यासाठी वेळ हवा असतो. दत्तक आईला नाते सावरण्यासाठी.

निघण्याच्या आदल्या सायंकाळी मी पुन्हा त्यांच्याकडे गेलो. अंगणात गडी सरपण फोडीत होता. कुऱ्हाडीच्या आवाजाने मुलगी दचकली. आजी जवळ होती, मामी जवळ होती. तिने दोघींकडे पाहिले, आणि रांगत जाऊन आईचा पदर मुठीत धरला. आई काही बोलली नाही. जिल्हाधिकाऱ्यांच्या हुकमावर त्याआधीच्या महिन्याची तारीख आहे. माझ्या लेखी दत्तकविधान झाले ते त्या सायंकाळी. त्या सायंकाळीपर्यंत पोहोचण्यास लागणारा अवधी आपल्या नियमांनी प्रत्येक बालकाला द्यावा, एवढीच मागणी आहे.