शर्यतीबाहेरचे जग

वाचकहो, रविवारी संध्याकाळी आपल्या घरातील नातू दूरचित्रवाणीवर मोटारींच्या शर्यती लावून बसत असेल, तर त्या कर्कश आवाजाला कंटाळून आपण आतल्या खोलीत जात असाल. मीही जात असे. ताशी तीनशे किलोमीटरहून अधिक वेगाने धावायचे आणि दीड तासाने निघालो तिथेच परत यायचे, यात पाहण्यासारखे ते काय, असा माझा प्रश्न असे. उत्तरादाखल आमच्या भाच्याने एकदा मला एका चालकाची हकिगत सांगितली. ती ऐकल्यापासून मी आतल्या खोलीत जात नाही.

त्या चालकाचे नाव सेबॅस्टियन व्हेटेल. जन्म १९८७चा, जर्मनीतील हेपनहाइम या लहानशा गावचा. २०१० साली, वयाच्या तेविसाव्या वर्षी तो फॉर्म्युला वनचा तोवरचा सर्वांत तरुण जगज्जेता ठरला आणि पुढची तीन वर्षेही अजिंक्यपद त्याच्याकडेच राहिले. या खेळातील माणसे वर्षभर पृथ्वीप्रदक्षिणा करतात. २०११ साली एकोणीस शर्यती होत्या. आज मलेशिया, पुढे चीन, मग कॅनडा, जपान, ब्राझील. एवढे फिरूनही त्यांच्या वाट्याला बहुधा तीनच गोष्टी येतात: विमानतळ, हॉटेल आणि धावपट्टी. जग पालथे घालूनही जग न पाहण्याची सोय त्या व्यवसायातच आहे.

हे ऐकले आणि मला माझी आई आठवली.

दर तीन महिन्यांनी मी तिला तपासणीसाठी नेतो. घरातून उद्वाहकात, तिथून मोटारीत, काचा बंद, वातानुकूलन चालू. रुग्णालयाच्या तळघरात गाडी लावायची, पुन्हा उद्वाहक आणि थेट डॉक्टरांची खोली. तिला ऊन लागत नाही, धूळ लागत नाही, पायऱ्या लागत नाहीत. आपण किती काळजी घेतो याचे मला समाधान होते. एकदा फाल्गुनात वाटेवरच्या चौकात सिग्नलला थांबलो असता ती काचेला नाक लावून म्हणाली, "अरे, हा पांगारा की काटेसावर? जरा बाजूला घेतोस का?" मी म्हणालो, "आई, उशीर होतोय." तिने पुन्हा विचारले नाही. पुढच्या खेपेलाही नाही.

व्हेटेल २०११ साली पहिल्यांदा भारतातील शर्यतीसाठी ग्रेटर नोएडाला आला, तेव्हा चोवीस वर्षांचा होता. परदेशी पाहुण्यांनी रहदारीविषयी तक्रार करावी, हा रिवाजच. या मुलाने मात्र, डोळे आणि कान उघडे ठेवले तर इथली माणसे आयुष्याला कशी सामोरी जातात ते पाहून पुष्कळ घेता येते, अशा अर्थाचे उद्गार काढले. तिथल्या तिन्ही शर्यती त्यानेच जिंकल्या. २७ ऑक्टोबर २०१३ रोजी चौथे अजिंक्यपद निश्चित झाल्यावर त्याने प्रेक्षकांसमोर गाडी गरागरा फिरवली, खाली उतरला आणि गाडीपुढे गुडघे टेकून वाकून नमस्कार केला. नियम मोडल्याबद्दल त्याला समज मिळाली, संघाला दंडही झाला. खंडेनवमीला गाडीला हार घालणाऱ्या आपल्या लोकांना त्या नमस्काराचे नवल वाटायचे कारण नव्हते.

पुढे त्याचे कुतूहल धावपट्टीच्या कडेच्या गवताकडे वळले. २०२१ साली ऑस्ट्रियात त्याने शाळकरी मुलांबरोबर मधमाश्यांसाठी शर्यतीच्या मोटारीच्या आकाराचे घर बांधले. त्याच महिन्यात इंग्लंडमधील सिल्व्हरस्टोनची शर्यत आटोपल्यावर तो प्रेक्षागृहात चढून बाटल्या आणि कागद गोळा करत होता. निवृत्तीनंतर, २०२३ साली, जपानच्या सुझुका धावपट्टीच्या दुसऱ्या वळणाच्या आत त्याने कीटकांसाठी लाकडी घरे उभारली आणि ती रंगवायला जुन्या प्रतिस्पर्ध्यांना बोलावले. वळणाची कडही पिवळी-काळी, मधमाशीच्या पोटासारखी रंगवली.

कुणीही म्हणेल, पेट्रोल जाळून पोट भरणाऱ्याने पर्यावरणाच्या गोष्टी कराव्यात काय? २०२२ साली ब्रिटिश दूरचित्रवाणीवरील एका चर्चेत त्याला हाच प्रश्न विचारला गेला, हा ढोंगीपणा नाही का? त्याने सरळ कबूल केले, आहे. श्रोते हसले, तर तुमचे हसणे रास्तच आहे, असेही तो म्हणाला. मला तो माणूस तिथे अधिक आवडला. आधी आपण निर्दोष होऊ आणि मग जगाची चौकशी करू, असे म्हणत तो थांबला नाही. आपल्याकडे वडीलधारी माणसे जवळजवळ हेच म्हणत थांबतात: गुडघे बरे होऊ देत, मोतीबिंदू निघू दे, मग बघू.

आता प्रवासाविषयी थोडे. शर्यतीच्या चालकाला बसतो तिथे असह्य उकाडा सोसावा लागतो. सिंगापूरसारख्या दमट ठिकाणी घामावाटे दोन-तीन किलो वजन उतरते. म्हणून त्याच्या शिरस्त्राणात पाण्याची नळी असते आणि तहानेची वाट न पाहता तो घोट घेतो. वय वाढले की तहानेची जाणीव मंदावते, म्हणून हा धडा आपल्याही कामाचा आहे. पण खरी अडचण निराळीच असते. वाटेत स्वच्छतागृह मिळेल की नाही या धास्तीने आजी सकाळपासून पाणीच पीत नाही, आणि हे ती कुणाला सांगत नाही. काळजी घेणाऱ्यांनो, निघण्यापूर्वी थांबण्याच्या जागा ठरवा आणि त्या तिला मोठ्याने सांगा. ती आपसूक पाणी पिईल. हृदयाच्या वा मूत्रपिंडाच्या विकारामुळे पाण्यावर मर्यादा असेल, तर प्रमाण डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावे. लांबच्या प्रवासात दर दीड-दोन तासांनी उतरून चार पावले चालावे, बसल्या जागी घोटे फिरवावेत. पायांत रक्त साकळण्याचा धोका त्याने कमी होतो. चार पावले चालायचीच आहेत, तर ती झाडाखाली, देवळाच्या ओट्याशी किंवा आठवडी बाजाराच्या कडेने का चालू नयेत?

ज्यांना घराबाहेर पडणे शक्य नाही, त्यांनी खुर्ची तुळशीपाशी ओढावी. मंजिऱ्या आल्या की सकाळच्या उन्हात माश्या येतात. लहानगी फुलोरी येते, सातेरी येते, आणि ज्यांचे नाव आपल्याला ठाऊक नाही अशाही येतात. जगात मधमाश्यांच्या वीस हजारांहून अधिक जाती आहेत आणि त्यांतल्या बहुतेक पोळे न बांधता एकेकट्या राहतात. पोकळ बांबूचे वीतभर तुकडे, एक तोंड बंद ठेवून, जुडी बांधून भिंतीला आडवे टांगले तर एखादी त्यात घर करते. सुझुकातल्या घरांमागची कल्पना हीच. दंशाची ॲलर्जी असेल त्यांनी मात्र दुरूनच पाहावे, आणि आग्या माश्यांच्या पोळ्याच्या वाटेला कुणीच जाऊ नये.

यंदाच्या फाल्गुनात आम्ही अर्धा तास आधी निघालो. चौकाच्या पुढे गाडी लावली, आईला हात धरून उतरवले. साळुंक्यांचा नुसता गलका चालला होता. खाली पडलेले एक फूल उचलून तिने उलटसुलट केले. "पाच पाकळ्या, पेल्यासारखं. काटेसावर," ती म्हणाली. "पांगाऱ्याचं वाघनखासारखं असतं. आमच्याकडे याच्या कापसाच्या उशा असायच्या." मग तिने सरकी काढायला कोण कोण बसत असे त्यांची नावे घेतली. त्यांतली दोन मी प्रथमच ऐकत होतो.

डॉक्टरांकडे आम्ही दहा मिनिटे उशिरा पोहोचलो. ते फूल तिने त्यांच्या टेबलावर ठेवले आणि विचारले, "ओळखा पाहू?"