घाट चढताना टर्बो गाडीचं गॅस्केट जपा

मे महिन्यात शहाद्याचा पारा ४० अंशांपुढे जातो आणि अनेकांना तोरणमाळची थंड हवा खुणावते. तोरणमाळ समुद्रसपाटीपासून १,००० मीटरहून उंच आहे. कडक ऊन, भरलेली गाडी आणि सलग चढ, हे सगळं एकत्र आलं की टर्बो इंजिनाची खरी परीक्षा होते.

इंजिनाचा ब्लॉक आणि त्यावरचं हेड यांच्यामध्ये पातळ हेड गॅस्केट असतं. जळता वायू, कूलंट आणि ऑइल एकमेकांत मिसळू न देणं हे त्याचं काम. टर्बो सिलिंडरमध्ये जादा हवा कोंबतो. १ बार बूस्ट म्हणजे बाहेरच्या हवेच्या साधारण दुप्पट दाब. इंधन पेटल्यावर तो १०० बारच्या आसपास जातो. डिझेल इंजिनात त्याहूनही जास्त.

हा दाब कंपनीने हिशेबात धरलेला असतो. गॅस्केटचा घात बहुधा उष्णता करते. ॲल्युमिनियमचं हेड बिडाच्या ब्लॉकपेक्षा जवळपास दुप्पट प्रसरण पावतं. कूलंट कमी पडलं की हेड वाकतं आणि गॅस्केटवरची पकड सुटते. दुसरं कारण नॉकिंग, म्हणजे इंधन अवेळी भडकणं. बाहेरून सॉफ्टवेअर बदलून बूस्ट वाढवलं की हे दोन्ही धोके वाढतात.

म्हणून निघण्यापूर्वी, इंजिन थंड असताना कूलंटची पातळी बघा. नुसतं पाणी भरत राहू नका. कंपनीने सांगितलेलं कूलंटच वापरा. रेडिएटरचं झाकण सैल असेल तर बदला. झाकण दाब धरून ठेवतं, म्हणूनच कूलंट १०० अंशांना उकळत नाही. चढावर वरच्या गियरमध्ये इंजिन कुंथवू नका, खालचा गियर टाका.

गळती दिसत नसताना कूलंट घटणं, टाकीत बुडबुडे, पांढरा धूर किंवा दुधाळ ऑइल दिसलं, तर मेकॅनिककडे जा. नवं गॅस्केट बसवताना हेड सपाट आहे का हे तपासून घ्या. बोल्ट ठरलेल्या क्रमाने, टॉर्क पान्यानेच आवळायला सांगा.

वाटेत तापमानाचा काटा चढला तर एसी बंद करून गाडी सुरक्षित जागी थांबवा आणि इंजिन बंद करा. गरम रेडिएटरचं झाकण मात्र उघडू नका. दाब सुटताच उकळतं कूलंट उसळून चेहरा आणि हात भाजू शकतात. इंजिन पूर्ण निवेपर्यंत थांबा. तसंच पुढे रेटलं, तर गॅस्केटबरोबर हेडही हातचं जाईल.